बंद लॅपटॉप आणि अडकलेली खातेवही : बायोसचा पासवर्ड विसरल्यास काय करावे?

व्यापारी माणसाला कुलूप-किल्लीचा व्यवहार नवा नाही. दुकानाच्या शटरची एक किल्ली मालकाकडे असते, दुसरी मुलाकडे किंवा विश्वासू नोकराकडे असते. तिजोरीची किल्ली कोठे ठेवली आहे, हे घरातील एका तरी माणसाला ठाऊक असते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खातेवही लाल चोपडीतून निघून संगणकात गेली आणि या नव्या तिजोरीची किल्ली पुष्कळ ठिकाणी एकाच माणसाच्या डोक्यात राहिली. तो माणूस विसरला, नोकरी सोडून गेला किंवा अल्लाहला प्यारा झाला, तर उधारी कोणाकडे किती, देणे कोणाचे किती, हे सांगणारे यंत्र समोर असूनही मुके होते.

नाशिक शहरात भद्रकाली, दूधबाजार, सारडा सर्कल, वडाळा नाका या भागांत, तसेच पिंपळगावच्या फळबाजारात आणि मालेगावच्या कापड-सुताच्या व्यापारात आमचे अनेक बांधव आता लॅपटॉपवर हिशेब ठेवतात. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर लहान दुकानदारालाही संगणकाची गरज पडली. २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या शाळा घरातून भरू लागल्या, तेव्हा कित्येक कुटुंबांनी जुने लॅपटॉप विकत घेतले. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेल्या या यंत्रांत कधी कधी आधीच्या मालकाचे कुलूप तसेच राहून गेलेले असते. म्हणून बायोसच्या पासवर्डविषयी व्यापारी आणि कारागीर या दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे देत आहोत.

बायोस म्हणजे काय?

लॅपटॉपचे बटण दाबल्याबरोबर विंडोज सुरू होत नाही. त्याआधी मदरबोर्डावरील एका छोट्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम जागा होतो. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत की नाहीत हे पाहतो आणि मग विंडोजच्या हाती कारभार देतो. या पहिल्या प्रोग्रामाला बायोस म्हणतात. आजच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय नावाच्या नव्या रचनेने घेतली आहे, पण बाजारात अजून बायोस हाच शब्द चालतो.

दुकानाची उपमा द्यायची तर विंडोजचा पासवर्ड म्हणजे आतील कपाटाचे कुलूप आणि बायोसचा पासवर्ड म्हणजे बाहेरच्या शटरचे कुलूप होय. म्हणूनच विंडोज पुसून नवे टाकल्याने बायोसचा पासवर्ड जात नाही. ‘फॉरमॅट मारून देतो, सर्व ठीक होईल’ असे कोणी सांगितले, तर त्याला हा फरक कळलेला नाही असे समजावे. असा फॉरमॅट केल्याने हिशेब मात्र जातो आणि कुलूप जागेवरच राहते.

कुलपे अनेक आहेत, आधी ओळखा

उपाय करण्यापूर्वी कोणते कुलूप लागले आहे हे ओळखले पाहिजे.

पहिले कुलूप यंत्र सुरू होतानाचे. बटण दाबताच काळ्या पडद्यावर पासवर्ड विचारला जातो आणि तो दिल्याशिवाय पुढे काहीच होत नाही.

दुसरे कुलूप व्यवस्थापकाचे. याला सुपरवायझर किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड म्हणतात. यात विंडोज नेहमीप्रमाणे चालते, पण बायोसच्या सेटिंगमध्ये शिरताना अडवले जाते. अशा यंत्रावर रोजचे काम चालू राहते. मात्र पेनड्राइव्हवरून नवे विंडोज टाकायचे म्हटले की बहुधा गाडी अडते.

तिसरे कुलूप हार्ड डिस्कचे. हे सर्वांत कडक. हा पासवर्ड डिस्क स्वतःच सांभाळते. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी ती पासवर्डावाचून आपला मजकूर देत नाही.

चौथे कुलूप विंडोजच्या बिटलॉकरचे. यात डिस्कवरील सर्व मजकूर सांकेतिक रूपात ठेवलेला असतो. त्याची वेगळी ४८ अंकी किल्ली असते. ती पुष्कळदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते.

पहिली दोन कुलपे यंत्राला लागतात, मागची दोन हिशेबाला लागतात. हा भेद नीट ध्यानात ठेवावा.

घाई करण्यापूर्वी

कित्येकदा पासवर्ड विसरलेला नसतो, कीबोर्ड बिघडलेला असतो. एखादे बटण दबत नाही किंवा चहा-पाणी सांडून अडकते आणि पडद्यावर फक्त ठिपके दिसत असल्यामुळे चूक कळत नाही. म्हणून प्रथम यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड लावून पाहावा. कॅप्स लॉक आणि नम लॉक चालू आहेत का ते बघावे. लहान लॅपटॉपांत नम लॉक चालू असल्यास काही अक्षरांच्या जागी आकडे उमटतात. पासवर्ड हिंदी-मराठी कीबोर्डची सवय असलेल्या माणसाने ठेवला असेल, तर बायोसमध्ये साधा इंग्रजी कीबोर्डच चालतो हेही लक्षात घ्यावे.

ज्याने पासवर्ड ठेवला त्याला फोन करण्यात संकोच करू नये. नोकरी सोडून गेलेल्या मुनीमाशी हिशेबावरून खटका उडाला असेल, तरी दोन शब्द गोड बोलून विचारणे हा मदरबोर्ड बदलण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

अंदाजाने पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत बसू नये. बऱ्याच यंत्रांत तीनदा चुकल्यावर यंत्र अडून बसते आणि बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. काही कंपन्यांच्या यंत्रांत त्या वेळी पडद्यावर एक क्रमांक येतो. तो कागदावर उतरवून घ्यावा, पुढे सेवा केंद्रात उपयोगी पडू शकतो.

हिशेब वाचवणे वेगळे, यंत्र उघडणे वेगळे

आमच्या मते या विषयातील सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. घाबरलेला दुकानदार ‘लॅपटॉप उघडून द्या’ म्हणून सांगतो. वास्तविक त्याला लॅपटॉप नको असतो, आतील हिशेब हवा असतो. ही दोन निराळी कामे आहेत.

फक्त पहिले किंवा दुसरे कुलूप लागले असेल, तर डिस्कवरील मजकुराला सहसा धक्का लागलेला नसतो. जाणकार कारागीर लॅपटॉपचे मागचे झाकण उघडून डिस्क काढतो, ती यूएसबीच्या केसमध्ये बसवतो, दुसऱ्या संगणकाला जोडतो आणि टॅलीचे फोल्डर, बिले, फोटो उतरवून घेतो. दुकान दुसऱ्या यंत्रावर त्याच दिवशी सुरू होऊ शकते. बंद यंत्राचे काय करायचे ते मग सवडीने ठरवावे.

यात अडचणी तीन. एक, काही पातळ लॅपटॉपांत डिस्क मदरबोर्डालाच जोडलेली असते, ती निघत नाही. दोन, बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी किल्ली लागते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधावी. तीन, हार्ड डिस्कचा पासवर्ड असेल तर हा मार्ग बंदच समजावा. टॅलीत टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड ठेवला असेल, तर फोल्डर हाती येऊनही तो पासवर्ड लागतोच. तो विसरला तर त्याला पर्याय नाही.

येथे एक इशारा देतो. बिटलॉकर असलेल्या यंत्रात बायोसच्या सेटिंगमध्ये फेरफार केला किंवा मदरबोर्ड बदलला, की विंडोज ती ४८ अंकी किल्ली मागू शकते. म्हणून मजकूर आधी उतरवावा, यंत्राला हात नंतर लावावा.

सेल काढण्याचा जुना नुस्खा

जुन्या टेबलावरच्या संगणकांत मदरबोर्डावरील गोल सेल काही वेळ काढून ठेवला किंवा एक लहानसा जंपर सरकवला की पासवर्ड पुसला जाई. कारण १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून ही सेटिंग ज्या सीमॉस चिपमध्ये ठेवली जात, तिची स्मृती त्या सेलवर जिवंत राहत असे. सेल निघाला की स्मृती गेली. १९९० च्या दशकात बायोस बनवणाऱ्या काही कंपन्यांचे ठरीव पासवर्डही कारागिरांना पाठ असत.

लॅपटॉपांची गोष्ट वेगळी. पासवर्ड अशा चिपमध्ये ठेवला जाऊ लागला, जिला स्मृती टिकवण्यासाठी वीजच लागत नाही. १९९२ मध्ये आलेल्या आणि २००५ पासून लेनोवोकडे असलेल्या थिंकपॅड यंत्रांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांचा सुपरवायझर पासवर्ड विसरल्यास मदरबोर्ड बदलावा लागेल, असे कंपनीच आपल्या पुस्तिकेत सांगत आली आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत सेल काढून फक्त घड्याळाची वेळ बिघडते, कुलूप तसेच राहते. उलट झाकण उघडताना एखादी नाजूक पट्टी तुटली तर नुकसान वाढते.

कंपनीचा रस्ता

सरळ मार्ग म्हणजे कंपनीचे सेवा केंद्र. सोबत खरेदीचे बिल, यंत्राचा अनुक्रमांक आणि ओळखपत्र न्यावे. डेल कंपनीच्या यंत्राखाली सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. पूर्वी मालकी सिद्ध झाल्यावर कंपनी अनेक मॉडेलांसाठी सुटकेचा संकेत देत असे. अ‍ॅपलही खरेदीचा पुरावा मागते. इतर कंपन्यांचे नियम मॉडेलप्रमाणे बदलतात. कोठे संकेत मिळतो, कोठे मदरबोर्ड बदलायला सांगतात. जुन्या यंत्रात मदरबोर्डाचा खर्च पुष्कळदा यंत्राच्या किमतीला भिडतो. अशा वेळी डिस्क, मेमरी, पडदा सुटे विकून दुसरे यंत्र घेणे परवडते. अर्थात डिस्क विकण्यापूर्वी तिच्यावरील मजकूर पूर्णपणे पुसलाच पाहिजे.

सेवा केंद्राचा नंबर कंपनीच्या कागदपत्रांवरून घ्यावा. शोधताना जो पहिला नंबर दिसेल त्यावर विश्वास ठेवून कोणाला ओटीपी सांगू नये, अगाऊ पैसे पाठवू नयेत. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार करावी.

कारागीर बांधवांसाठी

लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात आमची तरुण मुले मोठ्या संख्येने आहेत. हातात हुन्नर आहे आणि रोजी हलाल आहे. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली हुन्नराची. कित्येक यंत्रांत बायोसची आठ पायांची चिप प्रोग्रामरने वाचून दुरुस्त करता येते. पण त्याच चिपमध्ये यंत्राचा अनुक्रमांक आणि इतर खास माहितीही असते. दुसऱ्या यंत्राची फाइल घेऊन सरसकट लिहिली तर ती माहिती जाते किंवा बोर्ड अजिबात उठत नाही. म्हणून चिपला हात लावण्यापूर्वी तिच्यातील मजकूर दोनदा वाचून, दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का हे पाहून जपून ठेवावा. काही मॉडेलांत पासवर्ड या चिपमध्ये नसतोच. तेथे ‘होईल’ असे सांगून पैसे घेऊ नयेत. ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगावे की यंत्र उघडेल याची हमी नाही, तपासणीची मजुरी इतकी आणि काम झाले तर इतकी.

दुसरी गोष्ट ईमानाची. पासवर्डाने बंद असलेला लॅपटॉप हा विसराळू मालकाचा असू शकतो, तसाच चोरीचाही असू शकतो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकावर संशय घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. पण विचारणे हा कारागिराचा हक्क आहे आणि त्यातच त्याची सुरक्षितता आहे. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना घेणे वा ठेवणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे शिरणे हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरतो.

म्हणून दुकानात एक वही ठेवावी. तीत ग्राहकाचे नाव, फोन, ओळखपत्राची नोंद, यंत्राचा अनुक्रमांक, बिल पाहिले की नाही, आणलेली तारीख व सही असावी. यंत्राखालील अनुक्रमांक आणि पडद्यावर दिसणारा अनुक्रमांक जुळतात का ते पाहावे. पडद्यावर एखाद्या कंपनीचे किंवा संस्थेचे नाव येत असेल, तर तिचे विक्रीपत्र मागावे. ग्राहक कागद दाखवू शकत नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. पाचशे-हजारांच्या मजुरीसाठी पोलीस ठाण्याच्या खेपा आणि मोहल्ल्यात बदनामी पत्करणे शहाणपणाचे नाही.

पैगंबर मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक नबुव्वतीच्या आधीपासून ‘अल्-अमीन’ म्हणत. हिजरतीच्या वेळी विरोधकांच्या ठेवीही त्यांच्यापाशी होत्या आणि त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. दुरुस्तीला आलेला लॅपटॉप ही अशीच अमानत आहे. त्यातील फोटो, पत्रे, हिशेब विनाकारण उघडून पाहणे हीसुद्धा अमानतीत खयानत होय.

जुना लॅपटॉप घेताना

पैसे देण्यापूर्वी पाच मिनिटे द्यावीत. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे आणि लगेच बायोसचे बटण दाबावे. डेल व एसरमध्ये बहुधा एफ-२, एचपीमध्ये एफ-१०, थिंकपॅडमध्ये एफ-१. आत शिरताना पासवर्ड मागितला, तर विक्रेत्याने तो आपल्यासमोर काढून द्यावा, नाहीतर सौदा सोडावा. ‘विंडोज तर चालते ना, बायोसमध्ये तुमचे काय काम?’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. ज्या दिवशी विंडोज बिघडेल त्या दिवशी काम पडेल. काही यंत्रांत आत शिरता येते, पण सेटिंग बदलता येत नाही. म्हणून सुरक्षेच्या पानावर सुपरवायझर किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड लावलेला आहे का हेही पाहावे. यंत्र इंटरनेटला जोडून विंडोज नव्याने सुरू करताना आधीच्या कंपनीचे नाव येऊन तिचे खाते मागितले जाते का, तेही पाहून घ्यावे.

बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. कंपन्यांचा जुना माल लॉटमध्ये घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी तर अनुक्रमांकांची यादी आणि कुलपे काढून देण्याची अट सौद्याच्या वेळीच कागदावर घ्यावी. माल विकणाऱ्यानेही दोष झाकू नये. विकताना मालाचा ऐब सांगणे हा आमच्या तिजारतीचा पाया आहे. कुलूप लागलेले यंत्र सुट्या भागांच्या भावाने आणि तसे स्पष्ट सांगून विकण्यास हरकत नाही. चांगले म्हणून विकणे हा धोका आहे.

किल्ली कोठे ठेवावी?

दुकानातील लॅपटॉपला बायोसचा पासवर्ड हवाच का, याचा प्रथम विचार करावा. जेथे यंत्र रात्री घरी नेले जाते आणि नियमित नक्कल घेतली जाते, तेथे विंडोजचा पासवर्ड आणि नीट सांभाळलेली बिटलॉकरची किल्ली पुष्कळ झाली. बायोसचा पासवर्ड ठेवायचाच असेल तर तो कागदावर लिहून, सोबत बिटलॉकरची किल्ली, टॅलीचा पासवर्ड आणि यंत्राचे बिल घालून, लिफाफा बंद करून तिजोरीत ठेवावा. तो कोठे आहे हे भागीदाराला किंवा घरातील एका जबाबदार माणसाला सांगावे. मुनीम बदलला की पासवर्ड बदलावा आणि लिफाफाही बदलावा.

हिशेबाची नक्कल आठवड्यातून एकदा तरी पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे, दुसऱ्या ठिकाणी ठेवावा. मालेगावात यंत्रमागांना जुम्याची सुट्टी असते. गुरुवारी संध्याकाळी काम आटोपताना नक्कल घेण्याची सवय लावली तर विसर पडणार नाही. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. अधिकाऱ्यापुढे ‘लॅपटॉप बंद पडला’ हे उत्तर चालणार नाही.

आणि कायद्याहून मोठी एक जबाबदारी आहे. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिण्याचा हेतू हा की वेळेवर ते वाचता यावे आणि कोणाचा हक्क बुडू नये. माणूस गेल्यावर त्याच्या मालातून कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत आणि त्यानंतर वारसांचे हिस्से, असा शरीअतचा क्रम आहे. पण कर्ज कोणाचे किती हेच बंद लॅपटॉपमध्ये अडकले असेल, तर मुलांनी ते फेडावे कसे? सुताचा व्यापारी, हमाल, विधवेने विश्वासाने ठेवलेली रक्कम, यांचा हक्क एका विसरलेल्या शब्दामागे बंद होऊन पडेल. म्हणून ज्या बांधवांचा हिशेब संगणकात आहे, त्यांनी वसियतीच्या कागदांसोबत त्या संगणकाची किल्लीही ठेवावी. हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नये, आज रात्री दुकान बंद करतानाच उरकावे.

अल्लाहतआला आमच्या तिजारतीत बरकत देवो आणि कोणाचाही हक्क आमच्या माथी राहू न देवो. आमीन.